'६६६' : तंबूतला प्रलय आणि तंबूबाहेरचा

लाल पार्श्वभूमी, त्यावर काळी चौकट आणि चौकटीत पांढऱ्या रंगातील तीन आकडे : ६६६. जून १९७२ मध्ये 'व्हर्टिगो' या नाममुद्रेखाली बाजारात आलेल्या दोन तबकड्यांच्या संचाचे हे वेष्टन. संगीत 'अ‍ॅफ्रोडाइट्स चाइल्ड' या ग्रीक रॉक बँडचे, शब्द कोस्तास फेरिस या ग्रीक चित्रपट दिग्दर्शकाचे आणि विषय बायबलच्या अखेरच्या ग्रंथात वर्णिलेल्या जगाच्या अंताचा. एकूण २४ रचना आणि सुमारे ७७ मिनिटांचे संगीत. ही ध्वनिमुद्रिका श्रोत्यांच्या हाती पडली तेव्हा ती निर्माण करणारा बँड मात्र विसर्जित झालेला होता.

रॉक संगीतातील संकल्पनाधारित अल्बमचा विषय निघाला की 'द हू' या बँडचा 'टॉमी' (१९६९) किंवा 'पिंक फ्लॉइड'चा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) ही नावे चटकन ओठांवर येतात. एकच कथा वा एकच विचार अल्बमभर उलगडत नेण्याचा हा प्रकार त्या काळात बहरला होता. 'चॅरिअट्स ऑफ फायर' या चित्रपटाच्या संगीताबद्दल ऑस्कर मिळविणारे वांगेलिस पुढे जगभर पोहोचले. परंतु त्यांनी त्याच्या दहा वर्षे आधी रचलेली '६६६' ही कृती जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. ज्यांना ती ठाऊक असते त्यांनाही बहुधा तिच्याभोवतीचा वाद तेवढा ठाऊक असतो. '६६६' हा आकडा पाहून तिला सैतानपूजेच्या किंवा धक्कातंत्राच्या रांगेत बसवणे सोपे जाते. प्रत्यक्षात तिचा प्रश्न वेगळा आहे. डोळ्यांसमोर चाललेला विनाश आणि करमणुकीसाठी मांडलेला विनाश यांतला फरक प्रेक्षकाला कळतो का, हा तो प्रश्न होय.

पात्म बेटावरील दर्शन

या अल्बमचे मूळ समजून घ्यायचे तर आधी त्या ग्रंथाकडे वळावे लागते. नव्या करारातील या शेवटच्या पुस्तकाचे मूळ ग्रीक नाव 'अपोकॅलिप्सिस'. इंग्रजीत या शब्दाला हळूहळू 'सर्वनाश' असा अर्थ चिकटला. पण ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आवरण दूर करणे, झाकलेले उघड करणे असा आहे. मराठी बायबलने या ग्रंथासाठी 'प्रकटीकरण' हा शब्द योजला आणि मूळ अर्थ अचूक जपला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सिद्ध केलेल्या मराठी भाषांतरासह सर्वच मराठी बायबलांच्या शेवटी हा ग्रंथ येतो, त्यामुळे त्यातील प्रतिमा मराठी वाचकाला सर्वस्वी परक्या नाहीत. वध झालेला कोकरा, सात शिक्के, सात कर्णे, क्रोधाने भरलेल्या सात वाट्या, समुद्रातून वर येणारे श्वापद आणि मोठी बाबेल नगरी या त्या प्रतिमा.

ग्रंथकर्ता स्वतःचे नाव योहान असे सांगतो. एजियन समुद्रातील पात्म या ग्रीक बेटावर आपल्याला हे दर्शन घडल्याचे तो लिहितो. बहुसंख्य अभ्यासक या ग्रंथाचा काळ पहिल्या शतकाच्या अखेरीचा, म्हणजे रोमन सम्राट डोमिशियनच्या राजवटीतील मानतात. आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना उद्देशून तो लिहिलेला आहे. पात्म बेटावर 'प्रकटीकरणाची गुहा' आजही भाविकांना दाखविली जाते.

६६६ हा आकडा तेराव्या अध्यायाच्या अठराव्या ओवीत येतो. श्वापदाची संख्या म्हणजे एका माणसाची संख्या आहे आणि बुद्धी असेल त्याने तिचा हिशेब करावा, असे तेथे सुचविले आहे. ग्रीक आणि हिब्रू भाषांत अक्षरांनाच संख्यामूल्य असे, म्हणून प्रत्येक नावाची बेरीज करता येई. 'नीरो कैसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले तर बेरीज ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत हीच संख्या ६१६ अशी आढळते आणि त्याच नावाच्या लॅटिन वळणाच्या लेखनाने तीही जुळते. म्हणूनच श्वापद म्हणजे ख्रिस्ती लोकांचा छळ करणारी रोमन सत्ता, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. सत्तेचे नाव उघडपणे घेण्याची सोय नसलेल्या माणसांनी सांकेतिक भाषेत लिहिलेला ग्रंथ, अशीही त्याची एक ओळख आहे.

आपल्याकडील प्रलयाच्या कल्पनेत एका कल्पाच्या अंतानंतर पुन्हा सृष्टी उत्पन्न होते आणि चक्र चालू राहते. योहानाच्या दर्शनात काळ सरळ रेषेत धावतो. शेवट एकदाच येतो, त्यानंतर न्याय होतो आणि मग नवे आकाश व नवी पृथ्वी प्रकटते. ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स परंपरेत हा ग्रंथ पवित्र मानला जात असला, तरी नव्या करारातील पुस्तकांपैकी केवळ याचेच वाचन चर्चमधील नेहमीच्या उपासनेत होत नाही. परिचित असूनही काहीसा दूर ठेवलेला हा ग्रंथ चार ग्रीक वादक आणि एका ग्रीक दिग्दर्शकाने परदेशी बसून हाती घेतला.

पॅरिसमध्ये अडकलेला बँड

वांगेलिस पापाथानासिऊ यांचा जन्म १९४३ चा, व्होलोस शहराजवळच्या आग्रिया गावचा. स्वरलेखनाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. कानाने ऐकावे आणि हाताने वाजवावे, ही त्यांची पद्धत अखेरपर्यंत टिकली. साठच्या दशकात 'द फॉर्मिन्क्स' या बँडमुळे ते ग्रीसमध्ये लोकप्रिय झाले. गायक आणि बास गिटारवादक डेमिस रुसोस यांचा जन्म १९४६ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियात झाला. सुएझ संघर्षानंतरच्या काळात तेथील ग्रीक वस्तीवर संकट आले, त्यात रुसोस कुटुंबानेही मालमत्ता गमावली आणि ते ग्रीसला परतले. लुकास सिडेरास ड्रम्स वाजवीत आणि गातही असत, तर सिल्व्हर कुलुरिस हे गिटारवादक होते.

२१ एप्रिल १९६७ रोजी ग्रीसमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या एका गटाने सत्ता बळकावली. 'कर्नलांची राजवट' म्हणून ओळखली गेलेली ही हुकूमशाही १९७४ पर्यंत टिकली. पुस्तके, नाटके, गाणी यांवर बंदी आली आणि अनेक कलावंतांनी देश सोडला. लंडनमध्ये नशीब काढण्याच्या इराद्याने हे तरुण वादकही १९६८ मध्ये बाहेर पडले. ब्रिटनमध्ये काम करण्याचा परवाना मिळण्यात अडचण आली आणि ते पॅरिसमध्ये थांबले. त्याच वेळी फ्रान्समध्ये मे १९६८ चे विद्यार्थी आंदोलन आणि देशव्यापी संप सुरू झाला. पुढे जाता येईना आणि मागे फिरण्यात अर्थ नव्हता. कुलुरिस यांना तर लष्करी सेवेसाठी ग्रीसमध्येच राहावे लागले होते, त्यामुळे बँड तिघांचाच उरला.

याच मुक्कामात त्यांनी 'रेन अँड टिअर्स' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. सतराव्या शतकातील जर्मन संगीतकार योहान पाखेलबेल यांच्या सुप्रसिद्ध 'कॅनन'च्या स्वरसंगतीवर ते आधारलेले होते. रुसोस यांच्या उंच, किंचित कंप पावणाऱ्या आवाजाने युरोपला वेड लावले. पाठोपाठ १९६८ मध्ये 'एंड ऑफ द वर्ल्ड' आणि १९६९ मध्ये 'इट्स फाइव्ह ओ'क्लॉक' हे अल्बम आले. पहिल्याच अल्बमच्या नावात जगाचा अंत आहे, परंतु तो प्रेमिकांचा, हळवा अंत होता. व्यवसायाच्या दृष्टीने याच वाटेने पुढे जाणे सर्वांत सुरक्षित होते. वांगेलिस यांना मात्र तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कंटाळा आला होता.

फेरिस यांची कल्पना

कोस्तास फेरिस यांचा जन्म १९३५ चा, कैरोतला. म्हणजे रुसोस यांच्याप्रमाणे तेही इजिप्तमधील ग्रीक. पुढे 'रेबेटिको' (१९८३) या चित्रपटासाठी त्यांना बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. १९७० च्या सुमारास त्यांनी वांगेलिस यांच्यासाठी जी संहिता लिहिली तिची कल्पना पुढीलप्रमाणे होती.

एका मोठ्या सर्कशीच्या तंबूत प्रकटीकरणावर आधारित भव्य खेळ चालू आहे. प्राणी, कसरतपटू, दिवे, आवाज यांच्या साहाय्याने जगाचा अंत साकारला जात आहे. नेमक्या त्याच वेळी तंबूबाहेर जगाचा खराखुरा अंत सुरू होतो. निवेदकाला काहीतरी विपरीत घडत असल्याची जाणीव होते आणि तो अस्वस्थ होत जातो. प्रेक्षकांना मात्र बाहेरून येणारे आवाज खेळाचाच भाग वाटतात आणि ते टाळ्या वाजवीत राहतात. अखेर तंबू उचलला जातो आणि आतला प्रलय व बाहेरचा प्रलय एकमेकांत मिसळतात.

ही कल्पना ध्यानात ठेवली की अल्बममधील अनेक गोष्टींचा उलगडा होतो. मधूनच ऐकू येणारा गर्दीचा कल्लोळ, टाळ्या, खेळाची ओळख करून द्यावी तशा थाटातले निवेदन, गंभीर प्रसंगी अचानक वाजणारे उत्सवी संगीत हे सारे त्या तंबूतले आहे. फेरिस यांनी हेतुतः बायबलची क्रमवार कथा सांगितलेली नाही. त्यांनी मूळ प्रतिमा घेतल्या आणि त्यांना आपल्या काळातील दिशाहीनतेशी भिडवले.

ध्वनिमुद्रण

पॅरिसमधील 'युरोपा सोनोर' स्टुडिओत १९७० च्या अखेरीस काम सुरू झाले आणि १९७१ मध्ये पूर्ण झाले. लष्करी सेवा संपवून कुलुरिस परत आले होते. या अल्बमच्या यशात त्यांच्या गिटारचा वाटा फार मोठा आहे. जोडीला सॅक्सोफोन आणि इतर वाद्यांसाठी हॅरिस हाल्किटिस व मिशेल रिपॉश हे वादक होते. इंग्रजी निवेदन जॉन फोर्स्ट यांच्या आवाजात आहे.

वेष्टनाच्या आतील मजकुरात ही कृती 'सालेप'च्या अमलाखाली ध्वनिमुद्रित झाल्याची नोंद आहे. अनेकांना हे एखाद्या अमली पदार्थाचे नाव वाटले. वास्तविक सालेप म्हणजे एका जातीच्या ऑर्किडच्या कंदांची भुकटी. ग्रीस आणि तुर्कस्तानात थंडीच्या दिवसांत ती गरम दुधात वा पाण्यात उकळून पितात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत 'सालममिश्री' नावाने मिळणारी वस्तू याच कुळातली. जगाच्या अंताचे भयंकर नाट्य रचणाऱ्या मंडळींनी वेष्टनावर केलेली ही थट्टाही सर्कशीच्या चौकटीत शोभून दिसते.

चार बाजू, चोवीस रचना

दोन तबकड्यांच्या चार बाजू हा या अल्बमचा खरा आराखडा आहे. पहिल्या बाजूची सुरुवात 'द सिस्टम' या अर्ध्या मिनिटाहूनही छोट्या घोषणेने होते. प्रस्थापित व्यवस्थेला आव्हान देणारा हा जमावाचा स्वर विझतो न विझतो तोच वेगवान गिटारवर 'बॅबिलॉन' सुरू होते. पापाने माखलेल्या नगरीच्या पतनाचे हे गाणे गर्दीच्या जल्लोषात न्हाऊन निघाले आहे. पतन कोणाचे आणि जल्लोष कोण करते आहे, हा संभ्रम येथूनच सुरू होतो. 'लाउड, लाउड, लाउड'मध्ये पियानोचे साधे, पुनरावृत्त स्वर आणि त्यावर उद्याच्या चांगल्या दिवसाची आशा सांगणारे निवेदन येते.

त्यानंतरचे 'द फोर हॉर्समेन' हे अल्बममधील सर्वाधिक गाजलेले गाणे. कोकरा एकेक शिक्का फोडतो आणि पांढरा, तांबडा, काळा व फिकट अशा चार घोड्यांवरील स्वार बाहेर पडतात, हा प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग. कडव्यांत रुसोस यांचा आवाज जवळजवळ अधांतरी तरंगतो. ध्रुपदात ड्रम्स कोसळतात. शेवटची दीड-दोन मिनिटे कुलुरिस यांच्या गिटारने व्यापली आहेत. 'द लँब'मध्ये ग्रीक लोकसंगीताची छाया आहे, तर 'द सेव्हन्थ सील'मध्ये एकच सुरावट शांतपणे फिरत राहते आणि निवेदक शिक्क्यांचा वृत्तान्त सांगतो.

दुसऱ्या बाजूवर दहा रचना आहेत. 'एजियन सी' ही त्यांतील संथ, दीर्घ आणि सर्वांत देखणी रचना. शब्दहीन आलाप, त्यामागे पसरणारा ऑर्गन आणि ग्रीक भूमीची ओढ लावणारी गिटार यांतून योहानाच्या बेटाभोवतीचा समुद्र उभा राहतो. मायदेशापासून दूर बसलेल्या वादकांनी या समुद्राचे नाव रचनेला द्यावे, यात पुष्कळ काही आले. त्यानंतर वाट्या, जागे होणारे श्वापद, विलाप, चालून येणारे श्वापद, टोळधाड असे छोटे छोटे तुकडे वेगाने येतात. सॅक्सोफोनचे जॅझसदृश आक्रंदन आणि ड्रम्सचा भडिमार यांत ऐकणाऱ्याला दम घ्यायला फुरसत मिळत नाही. शेवटच्या 'ओफिस' या छोट्या रचनेच्या नावाचा ग्रीक अर्थ साप.

तिसऱ्या बाजूवर सात कर्णे वाजतात आणि लगेच 'आल्टामाँट' येते. हे नाव बायबलमधले नाही. ६ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे 'रोलिंग स्टोन्स'चा समावेश असलेला विनामूल्य रॉक महोत्सव झाला. व्यासपीठाजवळच एका प्रेक्षकाचा भोसकून खून झाला आणि प्रेम व शांतीचा मंत्र जपणाऱ्या पिढीचे स्वप्न तेथे भंगले, असे तेव्हापासून म्हटले जाते. प्रकटीकरणातील प्रतिमांच्या रांगेत हे एकच समकालीन ठिकाण घालून फेरिस यांनी आपला मुद्दा स्पष्ट केला आहे. संगीताचा खेळ चालू होता, हजारो लोक पाहत होते आणि समोर घडणारा मृत्यू खरा होता. तंबूची कल्पना कोठून स्फुरली असेल हे समजायला याहून वेगळे उदाहरण नको.

चौथ्या बाजूचा बहुतांश भाग 'ऑल द सीट्स वर ऑक्युपाइड' या १९ मिनिटांहून अधिक लांबीच्या रचनेने व्यापला आहे. संथ, पौर्वात्य वळणाच्या सुरुवातीनंतर अल्बममधील आधीचे तुकडे एकामागून एक पुन्हा उसळून वर येऊ लागतात. कधी एखादी ओळख पटलेली सुरावट, कधी निवेदकाचे शब्द, कधी किंकाळ्या अशी त्यांची गर्दी होते. तंबूचे कापड फाटून आतले-बाहेरचे एक होण्याचा हा क्षण. त्यानंतर उरते ते 'ब्रेक' हे सिडेरास यांनी गायलेले तीन मिनिटांचे शांत, थकलेले गाणे. नव्या पृथ्वीचा जयघोष फेरिस आणि वांगेलिस यांनी टाळला आहे.

पाच मिनिटांचा वाद

अल्बमच्या तिसऱ्या बाजूवरील एका रचनेला शब्दांत नाव नाही; अनंताचे चिन्ह हेच तिचे शीर्षक. ख्यातनाम ग्रीक अभिनेत्री इरीन पापास यांचा आवाज आणि तालवाद्ये एवढीच तिची सामग्री. 'झोर्बा द ग्रीक' (१९६४) आणि कोस्ता गाव्रास यांचा 'झेड' (१९६९) या चित्रपटांमुळे पापास जगभर परिचित होत्या आणि कर्नलांच्या राजवटीच्या कडव्या विरोधक म्हणून त्याही देशाबाहेर राहत होत्या. ईश्वर होता, आहे आणि येणार आहे या प्रकटीकरणातील भावाशी जुळणारे एक छोटे वाक्य त्या पुन्हा पुन्हा उच्चारतात. कुजबुजीपासून सुरुवात होऊन श्वास वाढत जातो, वाक्य मोडते, किंचाळीत रूपांतरित होते. प्रसूतीची वेदना, कामवेदना आणि धार्मिक उन्माद यांच्या सीमारेषा येथे पुसट होतात.

'मर्क्युरी' कंपनीच्या अधिकाऱ्यांना ही पाच मिनिटे अश्लील आणि पाखंडी वाटली. प्रेमगीतांचा यशस्वी बँड हाती असताना ही विचित्र, दीर्घ कृती बाजारात आणण्याची त्यांना आधीच इच्छा नव्हती. त्यात हे निमित्त मिळाले. वांगेलिस यांनी ती रचना वगळण्यास नकार दिला. परिणामी तयार अल्बम वर्षाहून अधिक काळ पडून राहिला आणि अखेरीस नवप्रवाही संगीतासाठी असलेल्या 'व्हर्टिगो' या नाममुद्रेखाली बाहेर आला.

या रचनेकडे केवळ खळबळ म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. भक्तिपरंपरांमध्ये नामाच्या अखंड उच्चारातून देहभान हरपण्याचा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही. पापास यांनी तोच अनुभव त्याच्या भीतिदायक टोकापर्यंत नेला आहे. वांगेलिस आणि पापास यांनी पुढेही एकत्र काम केले. ग्रीक लोकगीतांचा 'ओड्स' (१९७९) आणि धार्मिक स्तोत्रांचा 'राप्सोडीज' (१९८६) हे त्यांचे दोन अल्बम पाहिले की '६६६' मधील त्यांची भेट क्षणिक सनसनाटीची नव्हती, याची खात्री पटते.

फेरिस यांनी नंतरच्या काळात सांगितलेल्या आठवणींनुसार चित्रकार साल्वादोर दाली यांना हे संगीत अतिशय आवडले होते आणि बार्सिलोनात त्यानिमित्त एक अजस्र, अतिवास्तव सोहळा करण्याचा बेत त्यांनी आखला होता. तो बेत प्रत्यक्षात उतरला नाही.

विसर्जन आणि नंतर

अल्बमने बँडची मोठी किंमत वसूल केली. ध्वनिमुद्रण चालू असतानाच वाटा फुटल्या होत्या. वांगेलिस स्टुडिओत प्रयोग करण्यात गढलेले, तर रुसोस यांचा ओढा त्यांच्या आवाजाला साजेशा लोकप्रिय गीतांकडे. एवढा मोठा गायक हाती असताना या अल्बममध्ये त्याच्या वाट्याला तुलनेने थोडीच गाणी आली आहेत. ध्वनिमुद्रणानंतर बँड विखुरला आणि अल्बम निघाला तेव्हा तो रंगमंचावर सादर करायला कोणी उरले नव्हते.

रुसोस यांनी १९७१ पासूनच स्वतंत्र गायन सुरू केले. 'फॉरेव्हर अँड एव्हर' (१९७३) सारख्या गीतांनी आणि पायघोळ काफ्तानांमुळे ते सत्तरच्या दशकात युरोपातील घराघरांत पोहोचले. २५ जानेवारी २०१५ रोजी अथेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वांगेलिस काही काळाने लंडनला गेले, तेथे स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि 'चॅरिअट्स ऑफ फायर' (१९८१) व 'ब्लेड रनर' (१९८२) यांच्या संगीताने चित्रपटसंगीतात इलेक्ट्रॉनिक वाद्यांना नवी प्रतिष्ठा मिळवून दिली. १७ मे २०२२ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये जगाचा निरोप घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पापासही गेल्या.

पुढील वांगेलिस समजून घेण्यासाठी '६६६' अनिवार्य आहे. एकच सुरावट धीराने फिरवत तिच्याभोवती आवाजांचे थर चढविणे, ग्रीक चर्चसंगीताचे गांभीर्य आणि विद्युत वाद्यांचा विस्तार यांची सांगड घालणे, शब्दांपेक्षा नादातून स्थळ उभे करणे ही त्यांची सारी वैशिष्ट्ये येथे प्रथमच ठळकपणे दिसतात. 'ब्लेड रनर'मधील पावसात भिजलेले उदास महानगर आणि 'एजियन सी'मधील समुद्र यांचे नाते कानाला लगेच जाणवते. १९९० मध्ये 'एनिग्मा'च्या पहिल्या अल्बममध्ये सातव्या शिक्क्याविषयीचे जे निवेदन येते, तेही '६६६' ची आठवण करून देणारे आहे.

उपेक्षेची कारणे

मग ही कृती मागे का पडली? पहिले कारण व्यावहारिक. सादर करायला बँड नाही, जाहिरातीसाठी दौरे नाहीत आणि कंपनीची इच्छाही नाही. दुसरे कारण भूगोलाचे. त्या काळातील रॉकचा इतिहास प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेत लिहिला गेला. पॅरिसमध्ये बसून इंग्रजीत गाणारे ग्रीक वादक त्याच्या कोणत्याच रकान्यात नीट बसले नाहीत. तिसरे कारण त्या आकड्याचे. पुढील काळात हेवी मेटलच्या अनेक बँडनी ६६६ हा आकडा सैतानी प्रतीक म्हणून सर्रास वापरला आणि मागे वळून पाहणाऱ्यांना हा अल्बमही त्याच कुळातला वाटू लागला.

अल्बममध्ये दोषही आहेत. दुसऱ्या बाजूवरील काही तुकडे अर्धवट सोडल्यासारखे वाटतात, चौथ्या बाजूवरील दीर्घ रचना काही ठिकाणी रेंगाळते आणि निवेदनाचा नाटकी थाट सर्वांनाच रुचेल असे नाही. तरीही त्याच्या केंद्रस्थानी असलेली कल्पना अर्धशतकानंतर अधिकच बोचरी झाली आहे. युद्धे, पूर आणि वणवे आता घरोघरी पडद्यावर पाहिले जातात आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर दुसरा खेळ सुरू होतो. बाहेरचे आवाज खेळाचा भाग समजून टाळ्या वाजविणारा प्रेक्षक आज अनोळखी राहिलेला नाही.

प्रथमच ऐकणाऱ्याने 'द फोर हॉर्समेन' आणि 'एजियन सी' या दोन रचनांपासून सुरुवात करावी. त्या आवडल्या तर मग संपूर्ण अल्बम क्रमाने, मध्ये न थांबता ऐकावा. सुटी गाणी म्हणून ऐकल्यास त्यातील छोटे तुकडे निरर्थक वाटतात आणि शेवटच्या बाजूवर ते परत येतात तेव्हा त्यांची ओळख पटत नाही. योहानाचा ग्रंथ हाताशी असेल तर पाचवा ते नववा, तेरावा, आणि सोळावा ते एकोणिसावा हे अध्याय आधी चाळून घ्यावेत. मराठी बायबलमध्ये ते 'प्रकटीकरण' या नावाखाली, अगदी शेवटी सापडतात.